कोपराने उघडणारं दार

दिघेकाका आले तेव्हा आईचा उजवा हात बर्फाच्या पाण्यात होता आणि ती डाव्या हाताने पोहे खात होती. जेवणाच्या टेबलावर स्टीलचं घमेलं, शेजारी एक फळी, आणि फळीवर ओळीने ठोकलेल्या कड्या: जुन्या दाराचा कडी-कोयंडा, न्हाणीघराची छोटी खिटी, फिरवायची मूठ, आणि टोकाला हातभर लांबीची एक साधी लाकडी पट्टी.

"बस. तुझाच हात हवा होता," आई म्हणाली. "माझा आता सरावलाय."

"मी चहा प्यायला आलोय, विभा."

"चहा मिळेल. आधी हात."

शरद दिघे मी शाळेत जाण्याच्या आधीपासून आमच्या घरी येत होते. ते आणि आई तरुणपणी एकाच दोरावर चढलेले. बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलमधून पहिला फोन मी त्यांनाच केला होता. नाशिकच्या ज्या गिर्यारोहण मंडळात आईचं निम्मं आयुष्य गेलं, त्याचे ते अध्यक्ष होते. त्यांनी बाही दुमडून घमेल्यात हात घातला आणि आईने तो लवकर बाहेर काढू दिला नाही. बोटं आधी लाल झाली, मग पांढरट. मग तिने फळी त्यांच्यापुढे सरकवली.

खिटी त्यांना पकडताच आली नाही. कडी कोयंड्यावरून सुटत राहिली. मूठ ओल्या हातात नुसतीच घसरली. आई खुर्चीत मागे रेलून हसत होती. सभासदांना एव्हरेस्टच्या गोष्टी सांगतोस आणि न्हाणीघरात अडकून बसशील, असं काहीतरी म्हणाली. काकाही हसले. मग त्यांनी पट्टीला तळहात लावला.

"हात नको," आई म्हणाली. "हात गेलेत असं समज. गारठलेल्या माणसाला बोटं नसतात, शरद. कोपर असतं."

त्यांनी कोपराने ढकललं. पट्टी मुकाट्याने सरकली.

"बघ," आई माझ्याकडे वळून म्हणाली, जणू वाद माझ्याशीच चालला होता. "आणि यांची कमिटी मला किल्ल्या दाखवते."

काका टॉवेलने हात पुसत राहिले. हात कोरडा झाल्यावरही पुसत राहिले.

आई वास्तुविशारद होती. पोटासाठी बंगले आणि शाळा बांधायची, आणि मनासाठी डोंगरावरचे निवारे. बांधून पूर्ण झालेला तेव्हा एकच होता. इगतपुरीच्या पुढच्या एका रांगेत भोरडीचा सुळका आहे. तो चढायला येणारे त्याच्या पायथ्याच्या खिंडीत उघड्यावर मुक्काम करत. वारा असा की तंबूच्या काठ्या वाकतात. त्या खिंडीत, उताराच्या पोटात अर्धी खणून, आईने दहा माणसं झोपतील एवढी एक खोली बांधली. सिमेंटची एकही गोणी वर गेली नाही. दगड तिथलेच, सांधायला चुना आणि माती, छपरावर मातीचा थर आणि त्यावर तिथलंच गवत, त्यामुळे खालून पाहिलं तर खोली दिसतच नाही. शेजारी गडावर असतं तसं खोदलेलं पाण्याचं टाकं. वनखात्याची अट होती की उद्या काढायचा ठरला तर मागे खूण राहता कामा नये. ती अट आईला फार आवडली. आपण बांधलेल्या सगळ्याच गोष्टींना ही अट हवी, असं ती म्हणायची.

दार एका पाडलेल्या शाळेचं, जाड सागवानी. त्याच्या बिजागऱ्या तिने मुद्दाम तिरक्या बसवल्या होत्या, म्हणजे ते ढकललं की उघडे आणि सोडलं की आपल्याच वजनाने मिटे. त्याला कडी नव्हती. बाहेरूनही नाही आणि आतूनही नाही. आत कडी असली की आधी पोचलेले लोक नंतर आलेल्यांना बाहेर ठेवतात, हे तिने हिमालयात एकदा भोगलं होतं. निवारा वापरून निघताना आत पाण्याचा हंडा भरून ठेवायचा, एवढा एकच नियम तिने दारावर रंगवून घेतला होता.

आणि त्या दारावरूनच मंडळात दोन वर्षं भांडण चाललं होतं. शनिवार-रविवारी सहलीची टोळकी वर जायची, बाटल्या टाकायची, भिंतीवर नावं काढायची. कमिटीला कुलूप हवं होतं. सचिव पुंडे प्रत्येक बैठकीत बाटल्यांचे फोटो दाखवायचे. आई सगळं ऐकून घ्यायची आणि एकच उत्तर द्यायची: "बाटल्या मी उचलते. माणूस उचलायची वेळ येऊ नये." शेवटी काकांनी भर बैठकीत शब्द दिला होता की कुलूप लागणार नाही.

त्यात निवाऱ्याला पर्यावरणपूरक बांधकामाचं एक मोठं पारितोषिक मिळायची चिन्हं होती. देणारी सिमेंटची कंपनी होती. सिमेंट न वापरल्याबद्दल सिमेंटवाल्यांचं बक्षीस, म्हणून आई आठवडाभर हसत होती. येत्या रविवारी परीक्षक वर जाऊन पाहणार होते.

त्या दिवशी टेबलावर काकांनी चहा घेतला, पोहे खाल्ले. आईने सांगितलं की उद्या ती आणि मंडळातली तरुण तेजल डोंगरावर चालल्या आहेत. मागच्या बाजूच्या वाडीतून चढायचं, डोंगराच्या उघड्या धारेवर दुसऱ्या निवाऱ्याची जागा पाहायची, धारेनेच चालत संध्याकाळी खिंडीत यायचं आणि जुन्या निवाऱ्यात झोपायचं.

"उद्याच कशाला?" काका म्हणाले. "रविवारी सगळेच जाणार आहोत."

"रविवारी तुम्ही फेटे बांधून जाणार. मला काम आहे."

"अवकाळीचं सांगितलंय."

"म्हणून तर बांधलाय ना तो."

काका कप खाली ठेवून म्हणाले, "तंबू असू दे बरोबर."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "स्वतःच्या घरी जाताना कोणी तंबू नेतं का रे?"

तेही हसले. जाताना फाटकाशी चपलेचा पट्टा नीट करत बराच वेळ वाकून उभे होते. मी खिडकीतून पाहिलं आणि मला वाटलं, काका आता म्हातारे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर नाशिकमध्येच गारा पडल्या. आमच्या अंगणात त्यांचा खच पडला, गंगापूर धरणाकडच्या द्राक्षबागा झोपल्या, वीज गेली. आईचा फोन लागत नव्हता, पण त्या रांगेत तो कधीच लागत नसे. मी काळजी केली नाही. मेणबत्ती लावून पेपर तपासत बसले. मी कॉलेजात इतिहास शिकवते. परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या. बाहेर पाऊस होता आणि माझ्या मनात आईचं चित्र अगदी स्पष्ट होतं: जाड भिंती, मिटलेलं दार, स्टोव्हवर चहा, आणि तेजलला ती कुठल्यातरी दगडाबद्दल व्याख्यान देत असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन काकांचा आला. ते वर जाऊन खाली उतरलेही होते.

तालुक्याच्या दवाखान्यात सगळं त्यांनी केलं. पोलिसांशी बोलणं, सह्या, गाडी. मला एका बाकावर बसवून त्यांनी सांगितलं की आई धारेवर गारांत सापडली, गुडघा दुखावला, भिजली, कशीबशी निवाऱ्यापर्यंत पोचली, आणि पहाटे आतच गेली. वयही होतं. पंचनाम्यातही तेच होतं: निवाऱ्याच्या आत, चटईवर.

"डोंगरात गेली, चारू," ते म्हणाले. "स्वतः बांधलेल्या छपराखाली. असं मरण मागून मिळत नाही."

तेजल पगारे त्याच दवाखान्यात आत झोपलेली होती, सलाइन लावून. मी तिच्या खोलीत गेले तर तिने भिंतीकडे तोंड केलं. तिचे मामा म्हणाले, नंतर बोला, पोरीला धक्का बसलाय. मला ते पटलं.

मग शोकसभा झाली. फोटोला हार, पाठीमागे सुळक्याचं मोठं चित्र. जो उठला तो म्हणाला की डोंगराने तिला बोलावलं, डोंगराने तिला आपलंसं केलं. पुंडे बोलताना म्हणाले की विभाताईंचं साहस वंदनीय होतं, पण साठीनंतर सभासदांनी डोंगरावर जाण्याविषयी मंडळाला काही नियम करावे लागतील. लोकांनी माना डोलावल्या. म्हणजे दोष काढायचाच असेल तर तो तिच्या वयाचा होता. मी पहिल्या रांगेत बसून हे ऐकलं आणि चहाला न थांबता घरी आले. कशाचा राग आला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. तिचं मरण इतकं चांगलं होतं असं इतके लोक का सांगत होते, एवढंच मनात येत राहिलं.

त्या दिवसांत मी तिच्या कपाटातली डोंगरांवरची पुस्तकं काढून वाचली. तिने पेन्सिलीने खुणा केलेली. त्या पुस्तकांत डोंगराला मन असतं, तो क्षमा करतो, रागावतो, बळी घेतो. तिच्या खुणा मात्र भलत्याच ठिकाणी होत्या: वारा कुठून येत होता, मोजे ओले होते का, दार कुठल्या दिशेला होतं.

तेजल आली ती चैत्र लागल्यावर. सव्वीस वर्षांची, शिडशिडीत, मंडळाच्या हिमालय मोहिमेत निवड झालेली. दारातूनच म्हणाली की ती बसणार नाही, आणि मग खुर्चीच्या टोकावर बसली. पाणी प्यायली. तिला सांगण्यात आलं होतं की चौकशी संपेपर्यंत कोणाशी बोलू नकोस. चौकशी कसली, ते तिला ठाऊक नव्हतं.

"चारूताई, तुम्ही निवाऱ्यात गेलात का त्यानंतर?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं.

"दाराला कोयंडा आहे. लोखंडी. आणि कुलूप."

मला आधी समजलंच नाही. मी म्हणाले, नंतर लावलं असेल. तिने मान हलवली.

मग तिने सांगितलं. गारा सुरू झाल्या तेव्हा त्या उघड्या धारेवर होत्या. आई निसरड्यावर घसरली, गुडघा मुरगळला, पण ती घाबरली नाही, उलट रस्ताभर तेजललाच धीर देत होती की अजून थोडंच, आत गेलो की कपडे बदलू. अंधारून येताना दोघी खिंडीत पोचल्या. आईने नेहमीसारखं कोपराने दार ढकललं आणि ती दारावर आपटली.

"त्यांना वाटलं दार फुगलंय पावसाने. पुन्हा ढकललं. मग मी टॉर्च मारला."

"काय म्हणाली ती?"

"हाताने चाचपून पाहिलं. मग म्हणाल्या, यात चोरण्यासारखं काय आहे गं?"

तेजलने दगड घालून कुलूप तोडायचा प्रयत्न केला. कोयंडा आरपार बोल्टने बसवलेला होता, नट आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून कोणाला काढता येऊ नये. दार सागाचं, जाड. खिडक्या म्हणजे वीतभर फटी; माकडं आत जाऊ नयेत म्हणून आईनेच तशा ठेवल्या होत्या. इतकं भक्कम काम तिने केलं होतं की तिला स्वतःला ते फोडता आलं नाही. तेजल खाली वाडीत जाऊन माणसं आणते म्हणाली, पण वाटेत दोराचा कातळटप्पा होता आणि तो ओला होता. आईने तिला जाऊ दिलं नाही. मग दोघी दाराला पाठ लावून बसल्या. दोघींच्या अंगावर कोरडं असं काही नव्हतं.

"आधी खूप कुडकुडत होत्या. मग कुडकुडणं थांबलं, आणि मला वाटलं बरं वाटतंय." तेजल आपल्या ग्लासाकडे पाहत बोलत होती. "मग त्या भ्रमल्यासारखं बोलायला लागल्या. त्यांना वाटत होतं की आत लोक आहेत. मी दार ठोकत होते ना, तर माझा हात धरला. म्हणाल्या, उठवू नकोस त्यांना. दमून आलेली असतील."

मी तिच्या ग्लासात पुन्हा पाणी ओतलं.

उजाडताच ती वाडीत उतरली. वाडीतली माणसं वर गेली. निरोप मिळताच काका नाशिकहून किल्ली घेऊन आले, त्यांनी कुलूप काढलं, आणि आई पावसात आहे, बरं दिसत नाही, म्हणून तिला उचलून आत चटईवर ठेवायला लावलं. पोलिस त्यानंतर आले. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. वाडीतल्या माणसांना कोणी काही विचारलं नाही.

मी त्याच संध्याकाळी काकांकडे गेले. काकूंनी दार उघडलं आणि माझा चेहरा पाहून त्या आत निघून गेल्या.

मी विचारलं ते एवढंच, की कुलूप कधी लावलं.

त्यांनी नाकारलं नाही, हे मी मान्य करते. परीक्षक येणार म्हणून निवारा आतून झाडून, सारवून, नव्या चटया आणि सौर दिवा ठेवून सज्ज केला होता. पुन्हा कोणी घाण करू नये म्हणून फक्त आठवडाभरासाठी कुलूप. पुंड्यांची सूचना, पण संमती त्यांची. किल्ली वाडीत ठेवायचं कोणाला सुचलं नाही, असं ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले की सुचलं होतं, पण वाडीतलेच लोक वापरतील असं कमिटीला वाटलं.

"म्हणजे तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा कुलूप लागलेलं होतं."

"तेच सांगायला आलो होतो, चारू." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "शब्द मोडला होता मी. म्हटलं, स्वतः जाऊन सांगू, शिव्या खाऊ. तर तिने घमेल्यात हात घालायला लावला. मग ती फळी. मग कोपर. त्यानंतर माझी जीभच उचलेना."

"ती दुसऱ्या दिवशी तिथे झोपायला चालली होती."

"मी तंबू न्यायला सांगितलं होतं."

त्या वाक्याने माझ्या आत जे झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. माणसाला मारणारा राग मी पुस्तकांत वाचला होता. तो इतका शांत असतो हे वाचलं नव्हतं. ते पुढे बोलत होते. तिने ऐकलं असतं तर. गारपीट इतकी होईल असं कोणाला वाटलं होतं. ती बहुतेक खालूनच परत फिरेल असं त्यांना वाटलं. एका माणसाला एका जुन्या मैत्रिणीसमोर ओशाळं व्हायचं नव्हतं, म्हणून त्याने कुलपाऐवजी तंबूची गोष्ट काढली, आणि आता तीच त्याची साक्ष होती.

मी म्हणाले की मी पोलिसांत जाणार.

मग ते जे बोलले ते खरं होतं, आणि म्हणूनच मी अडकले. वनखातं निवाऱ्याच्या विरोधात आधीपासून होतं. हे बाहेर आलं तर पहिला निर्णय निवारा पाडायचा होईल. पुढच्या अवकाळीत त्या धारेवर जो कोणी असेल त्याला मग दारच नसेल, बंद नाही आणि उघडं नाही. विभाला हे चाललं असतं का, असं त्यांनी विचारलं. तिच्या नावाने मला विचारायचा हक्क त्यांना नव्हता, पण उत्तर मला माहीत होतं.

"कोयंडा निघाला पाहिजे," मी म्हणाले. "नुसतं कुलूप नाही, कोयंडा. आणि पुन्हा कधी बसता कामा नये. हे तुम्ही पाळाल तोवर मी बोलणार नाही."

"मी स्वतः वर जाऊन काढतो," ते म्हणाले. त्यांनी माझा हात धरायचा प्रयत्न केला. मी उठले.

त्या वर्षभरात कोणी आईबद्दल विचारलं की मी म्हणायचे, डोंगरात गेली. लोक भक्तिभावाने गप्प व्हायचे. भाग्यवान, म्हणायचे. मी त्यांना चहा विचारायचे. तेजल मोहिमेवर गेली, शिखरावर पोचली, परत आली. पारितोषिक मिळालं, त्याच्या रकमेतून आणखी तीन निवारे बांधायचं ठरलं. आईच्याच नकाशांवरून.

वर्ष भरलं तेव्हा काकांचा निरोप आला. पहिल्या निवाऱ्याला तिचं नाव द्यायचंय, पाटीचं अनावरण खिंडीतच आहे, तू यायला हवंस, दोन शब्द बोलायला हवेत. मी डोंगर चढणारी नाही. तरी गेले. तेजल माझ्यापुढे चालत होती आणि कातळटप्प्यावर तिने मला दोराला बांधून वर घेतलं. हवा स्वच्छ होती, गवत वाळून सोनेरी झालेलं, आणि आईची खोली खरंच दिसत नव्हती. माणसं जमली होती म्हणून कळली.

मी आधी दाराकडे गेले.

कोयंडा तिथेच होता. त्याला काळा रंग देऊन नवा केला होता. जुन्या कुलपाच्या जागी आता आकड्यांचं कुलूप होतं, त्या दिवसापुरतं उघडून बाजूला अडकवलेलं, आणि त्याला झेंडूची माळ. पुंडे माझ्याशेजारी येऊन उत्साहाने सांगू लागले की आता किल्लीची भानगडच नाही. नाशिकच्या कार्यालयात आगाऊ नाव नोंदवायचं, मग फोनवर आकडा येतो. पुढच्या तिन्ही निवाऱ्यांना हीच सोय.

"इथे फोन लागत नाही," तेजल म्हणाली.

"म्हणूनच आगाऊ," पुंडे म्हणाले.

मी काकांकडे पाहिलं. ते पाटीवरचा कपडा सारखा करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी जवळ गेले, तेव्हा हळूच म्हणाले की कमिटीपुढे त्यांचं चाललं नाही, वर्षभर प्रयत्न केला, आज नको, आपण नंतर बसून बोलू.

कार्यक्रम सुरू झाला. चाळीसएक माणसं उतारावर बसली होती. शहरातले चढणारे, वाडीतले काही, कंपनीचे दोघे. काका बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. तरुणपणीच्या चढाया सांगितल्या, ती कशी भांडायची ते सांगितलं, लोक हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले की विभाने जे छप्पर दुसऱ्यांसाठी उभं केलं, त्याच छपराखाली, याच खोलीत, तिने शेवटचा श्वास घेतला, आणि गिर्यारोहकाला याहून मोठं भाग्य नसतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. वाडीतली माणसं जमिनीकडे बघत होती.

मग त्यांनी माझं नाव घेतलं.

त्यांनी पाटीकडे हात केला होता, मी तिच्याशेजारी उभं राहावं म्हणून. मी तिथे गेले नाही. दारापाशी गेले. मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते, काकांचाही. त्यांना कळलं होतं. त्यांनी मान थोडी हलवली, नको म्हणून. या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली, पण ती मान हलवणं मी विसरलेले नाही. तेवढ्या वेळातही ते माझ्याकडून काहीतरी मागत होते.

माझा आवाज मोठा नाही. वर्गात मागच्या बाकावरची मुलं नेहमी तक्रार करतात. त्या दिवशी खिंडीत वारा पडलेला होता आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझी आई या छपराखाली गेली नाही," मी म्हणाले. "ती इथे गेली, दाराबाहेर, मी उभी आहे तिथे. दाराला कुलूप होतं. रात्रभर ती या लाकडाला टेकून बसली होती, आणि सकाळी कुलूप काढून तिला आत ठेवलं. दिघेकाकांना कुलूप माहीत होतं. ती इथे येणार आहे हेही आदल्या दिवशी माहीत होतं. आमच्या टेबलावर बसून त्यांनी तिला तंबू न्यायला सांगितलं. तिला डोंगराने नेलं नाही. तुमच्या संकोचाने आणि तुमच्या नव्या चटयांनी नेलं. मी गप्प राहिले ते हा कोयंडा निघेल म्हणून. तो निघालेला नाही, तेव्हा आता मी गप्प राहणार नाही, इथेही नाही आणि खाली जाऊनही नाही. पाटी राहू दे. तुमच्यापैकी अर्ध्यांच्या पिशवीत बोल्ट काढायचा पाना असतो, मला माहीत आहे. कोणाकडे आहे? द्या इकडे."